काठीचे दोन तुकडे

बिलियर्डच्या काठ्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. मित्र वारल्यावर महिन्याभराने वहिनी त्याची अखंड काठी घेऊन दुकानात आल्या.

"भाऊजी, रोज सकाळी हिच्या बारीक टोकाला ताजा निळा खडू असतो, हे खेळण्याआधी लावायचे तसाच. घरात मी एकटी. दोन तुकडे करा हिचे, म्हणजे खेळ थांबेल. नाहीतर ह्यांच्या आठवणीने मला घर सोडावं लागेल."

मी ते हसण्यावारी नेलं. "वहिनी, फार पूर्वी लोक जाड टोकानेच चेंडू ढकलायचे. मग कुणीतरी काठी उलटी धरली आणि बारीक टोकाची सवय लागली. सवयी अशा सुटत नाहीत, त्याच्या तर नाहीतच."

तरी काठी मधोमध कापून दिली. वहिनींनी दोन तुकडे दोन कपाटांत ठेवून कुलपं लावली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तोच त्या दारात उभ्या, हातात दोन्ही तुकडे.

"बारीक टोकाला खडू आहेच. आज जाड टोकालाही आहे."

मी जाड टोक चोळून पाहिलं. बोट निळं झालं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांची मला भीती नाही हो, भाऊजी. पण हा दुसरा कोण?"