सील मारलेली कॅरॅव्हॅन

साहेब, आत माणूस आहे हे कळूनही तुम्ही सील तोडू देत नाही.

पर्यटकांची कॅरॅव्हॅन हंगाम संपला म्हणून तुम्ही तामलवाडीच्या शेडमध्ये बंद करायला लावलीत. मी टाकीतलं पाणी सोडलं, बॅटरी काढली. गाद्यांना कीड लागू नये म्हणून माझी बायको शांतम्मा कडुलिंबाचा पाला घेऊन आत गेली. ज्वारीच्या कणगीत घालते तसाच तिनं तो घातला आणि बाहेर आली. तुमच्या माणसानं दाराला लाखेचं सील मारलं.

लगेच आतून शांतम्मा ओरडली, "अवं, म्या आत हाय. दार का लावलं?"

मी वळून पाहिलं. शांतम्मा माझ्या शेजारीच उभी होती, ओठ घट्ट मिटून.

सील तोडू का म्हणून मी फोन केला, तर सगळं ऐकून तुम्ही हसलात. "बंडप्पा, एक बायको बाजूला उभी आहे, दुसरी कशाला पाहिजे?"

आतला आवाज आता दमत चाललाय. लेकीचं नाव घेतोय. बाहेरची अजून एक शब्दही बोललेली नाही. नुसती माझा हात धरून घराकडं ओढतेय, आणि घरी लेक आईची वाट बघत बसलीय.

उत्तर द्या साहेब, हिला मी कोण म्हणून घरात घेऊ?