मांडीवरची माती

माझा लेक मृत्युंजय उदगिरात लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवायचा. संगणकातलं सगळं तो टेपवर उतरवून ठेवायचा. तो गेला, मग संगणकही गेला. त्याचा स्वतःचा एकच व्हिडिओ उरला, तोही टेपवर. त्यात नव्या टेपयंत्राला मी विभूती लावतेय अन् तो गादीवर मांडी घालून हसतोय.

सुनेनं, मंजुश्रीनं, यंत्र दुसऱ्या संगणकाला जोडलं. टेप घरघरली, लेक दिसला. मांडीवर माती होती.

"पडदा पुसत जा गं जरा."

"पुसलाय, आत्याबाई."

तिनं टेपवरून व्हिडिओ पुन्हा उतरवला. माती छातीला आली. आमच्यात माणसाला असंच मांडी घालून बसवून पुरतात. त्याच्यावर पहिली मूठ मीच टाकली होती.

"आता नको," ती रडत म्हणाली.

"लाव मुकाट्यानं. लेक माझा हाय. मला त्याचं तोंड बघू दे."

या खेपेला माती हनुवटीला होती. तो हसायचा थांबला, माझ्याकडं बघून, आईला नेहमी हाक मारायचा तसं, "अव्वा" म्हणाला. माती ओठांवर चढू लागली.

"काढ ती टेप!" मी ओरडले.

यंत्र घरघरतच होतं. मंजुश्रीनं पदराखालचा हात पुढं केला.

"आत्याबाई, टेप मी मघाच काढलीय."