तिरका खिसा

"उद्यापासून मी येणार नाही," शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनी रबरी चेंडू टेबलावरून खुशाल घरंगळत जाऊ दिला.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरनं तो उचलून पुन्हा त्यांच्या उजव्या हातापाशी ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर काकांचा पाय सुधारला, बोलणं तर जरा जास्तच सुधारलं. हात तेवढा रुसून बसला होता. बोटांत जीव आहे, हे तिला तपासताना कळत होतं. पण काका मनावर घेतील तर ना! तिचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, आत्ता वापरला नाही तर हात कायमचा विसरेल."

"विसरला तो. मीही विसरलोय. तुम्हीही विसरा."

काकू शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. घास भरवणं, बटणं लावणं, सगळं त्याच करायच्या आणि त्यावरून डॉक्टरची बोलणीही खायच्या. आज त्या पिशवीतून एक शर्ट काढून त्याची घडी घालू लागल्या.

काकांची नजर गेलीच. "हे काय?"

"गिऱ्हाइकाचा राहिलेला शर्ट. खिसा तेवढा लावायचा होता, मी लावला. जाताना देऊन टाकू."

खिसा असा काही कलला होता, की त्यात पेन ठेवलं असतं तर ते आडवं झोपलं असतं.

"हा द्यायचा? आपल्या दुकानाचं नाव सांगून?" काकांचा आवाज चढला. "आण इकडे. कात्री आहे?"

कात्री होतीच.

काकांनी शर्ट टेबलावर पसरला. डाव्या हातानं कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं, तर कापड सरकलं. पुन्हा घातलं, पुन्हा सरकलं.

"अगं, धर की जरा!"

"थांबा हो, चष्मा सापडत नाहीये," काकू पिशवीत डोकं घालून म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

डॉक्टर मदतीला पुढे सरसावली, तसं काकूंनी टेबलाखालून तिचं मनगट घट्ट धरलं.

"एक काम धड होईल तर शपथ," काका पुटपुटले. जित्याची खोड ती. तिरका खिसा त्यांना बघवेना. त्यांनी उजवा हात खांद्यातून ओढत शर्टावर आणला. अंगठा कापडावर टेकला. तर्जनी हलली, थांबली, पुन्हा हलली आणि कापडाची कड चिमटीत आली. कपाळावर घाम आला, पण कापड सरकलं नाही. पहिला टाका तुटला. मग दुसरा.

डॉक्टर चेंडूचं नाव काढेना. काकूंना रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, म्हणून त्या चष्मा शोधत राहिल्या.

खिसा सुटून खाली पडला, तेव्हा कुठे काकांना आपला उजवा हात दिसला. चिमटी तशीच होती. ते त्या चिमटीकडेच बघत राहिले. मग त्यांचं लक्ष शर्टावर उरलेल्या टिपेच्या भोकांकडे गेलं. ओळ तिरकी होती, पण पट्टी लावून आखल्यासारखी. कोपऱ्यातलं वळणही अचूक.

"ज्याला शिवता येत नाही त्याची टीप डुलते," ते हळूच म्हणाले. "ही डुललेली नाही. वाकडं शिवायला फार त्रास झाला का गं?"

काकूंनी नाकावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "दोनदा उसवलं. मेला हात सरळच जायचा."

कापड सोडवून घ्यायला त्या पुढे झाल्या, तर काकांनी हात मागे घेतला. "राहू दे. माझं मी सोडतो."

बोटं उलगडायला बराच वेळ लागला. डॉक्टरनं भीतभीत विचारलं, "मग काका, उद्या?"

काका बायकोकडे वळले. शर्ट बायकोच्या मांडीवर टाकत ते म्हणाले, "उद्या कॉलर आण. आणि शिवायचीच तर जरा नीट वाकडी शिव."