तळव्याला तळवा

थोरलीच्या चपला विहिरीच्या काठावर तळव्याला तळवा लावून ठेवलेल्या बाप मुंजाजींना सापडल्या होत्या; कशा ठेवलेल्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीनं जीव दिला, असं कळमनुरीत सगळेच म्हणाले. वर्षभरानं तिचा नवरा धाकटीला मागायला आला; मधल्या काळात तो मुंबईत नट झाला होता. सासरे मुंजाजी गेल्याच महिन्यात पुतण्याकडं मुंबईला जाऊन जावयाला टीव्हीवर पाहून आले होते. “जावईबापू, तुमी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खुनी साहेब झालते. यंत्रात बसून आजच्या मुंबईत आले, एका बाईला तळ्यात ढकललं आन् तिचे सँडल तळव्याला तळवा लावून काठावर ठेवले. ते बी कागदात लिहून दिलतं काय?” “न्हाई मामा,” जावई खुलला, “तेवढं म्या माझ्या मनानं केलं. डायरेक्टरनं पाठ थोपटली.” मुंजाजी उठले, उंबऱ्याबाहेर गेले आणि धाकटीच्या चपला उचलून घरात घेऊन आले.