मागे घेतलेला अर्ज

"विषय तीन ते सव्वीस, एकत्र मंजुरीसाठी," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि नेत्राने हात वर केला. पुरता वर नाही. वर्गात उत्तर येत नसताना करतात तेवढाच.

मिनेसोटातल्या या काउंटी बोर्डाच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या, मंगळवारच्या सकाळी अशाच जायच्या. रस्त्यांवर टाकायचं मीठ, एका पुलाची रंगरंगोटी, निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरच्या अभिनंदनाचा ठराव. ज्यावर कुणाचं दुमत नाही अशी सगळी कामं एका दमात मंजूर होत. मतदानाआधी कुणी हरकत घेतली, तरच तो विषय यादीतून बाहेर काढायचा. सहसा कुणी घेत नसे.

"तेवीस," नेत्रा माइकपाशी जाऊन म्हणाली. "तेवीस नंबर बाहेर काढा, प्लीज."

तेवीस म्हणजे बाबांचा अर्ज. लायब्ररीसमोरचा चार पदरी रस्ता पायी ओलांडायला सिग्नल हवा. अर्जदार, देवदत्त खानझोडे. शेरा : अर्जदाराने मागे घेतला, प्रकरण बंद. आज हात वर झाले की ते कायमचं बंद होणार होतं. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

आई गेल्यावर ते नागपूरहून कायमचे नेत्राकडे आले. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. तीन महिने त्यांनी तो रस्ता नुसता पाहिला आणि एका सकाळी अर्ज लिहायला बसले. 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात. मग माकडटोपी घालून, सँडलमध्ये मोजे चढवून, हातात क्लिपबोर्ड घेऊन दारोदार फिरले. एकशे बारा सह्या मिळवल्या.

"अगं, तुझे बाबा फेमस झालेत!" शेजारच्या लतिकाने फोन पुढे केला होता. "बघ ना, किती क्यूट दिसतायत यार!"

वस्तीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी डोअरबेल कॅमेऱ्यातला फोटो होता. बाबांचं नाक भलंमोठं, डोळे काचेला चिकटलेले. खाली प्रश्न : या माणसाला कुणी ओळखतं का? त्याखाली हसणारे चेहरे, थट्टा, टोपीवरचे विनोद. नेत्राने सगळं वाचलं. ओळखते, असं तिने लिहिलं नाही.

"मॅम," अध्यक्षबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "अर्ज अर्जदाराने स्वतः मागे घेतलाय. आता यात बोलण्यासारखं काय आहे?"

"त्यांनी नाही घेतला."

"इथे त्यांचा ईमेल आहे."

सातही सदस्य तिच्याकडे पाहत होते. इथवर येताना गाडीत तिने हे वाक्य चारदा म्हणून पाहिलं होतं. गाडीत ते सोपं वाटलं होतं.

"तो मी पाठवला," नेत्रा म्हणाली. "त्यांच्या नावाने. मला लाज वाटत होती त्यांची."

बाबांचं ईमेलचं खातं तिनेच उघडून दिलं होतं. पासवर्डही तिचाच. ऑफिसातल्या लंच ब्रेकमध्ये तिने चार ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि मागमूस राहू नये म्हणून पुसून टाकल्या. बाबांना पत्ता लागला नाही. पुढे एकदा जेवताना तिने मुद्दाम विचारलं होतं, "काउंटीचं काय झालं हो बाबा?" त्यांनी ताटातली भाकरी मोडली होती. "वेळ लागतो गं अशा कामांना," म्हणाले होते. तिने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला होता.

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. कोपऱ्यात बसणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या क्लार्कबाईंनी चष्मा लावला आणि फाइल उघडली.

"मला ते गृहस्थ आठवतात," त्या अध्यक्षांकडे न बघता थेट नेत्राशी बोलू लागल्या. "नुसत्या ईमेलवर आम्ही अर्ज मागे घेऊ देत नाही. सही लागते. म्हणून मी त्यांना फोन केला. आधी त्यांना काही कळेचना. मी ईमेल वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, उद्या येतो."

त्यांनी एक कागद वर धरला. खाली बाबांची सही होती, प्रत्येक अक्षर सुटं, तारखेसकट.

"मी दोनदा विचारलं, सर, हा तुम्हीच पाठवलात ना? हो म्हणाले, मीच. मला शंका होती, कारण मूळ अर्जाची भाषा आणि ही भाषा फार वेगळी होती. मी तसं बोलूनही दाखवलं. तुमचं इंग्रजी एकदम कसं सुधारलं, म्हटलं."

"मग?"

"हसले. म्हणाले, मुलीने शिकवलं."