आगाऊ फोन

निवृत्तीनंतर मुलाकडं ऑस्ट्रेलियात राहायला गेलेले विश्वजीतराव महिन्याभरासाठी संभाजीनगरला आले. आल्याआल्या त्यांनी शेजारच्या नवाबभाईंना फोन लावला.

"उद्या पाचला आलो तर चालेल का?"

"अरे, कोण गेलं?" नवाबभाई घाबरले.

"कुणी नाय. चहाला येतो. तिकडं सवयच लागलीय. वरच्या मजल्यावर पोरगा राहतो, त्यालाबी आधी विचारावं लागतं."

"ये," म्हणून नवाबभाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तो नवाबभाईंनी कट केला. परत आला, परत कट केला. शेवटी विश्वजीतराव तणतणत थेट घरात शिरले.

"फोन का उचलत नाय रे?"

नवाबभाईंनी बायकोला हाक मारली.

"सगीरा, चाय टाक. विश्वजीत आज आला ऑस्ट्रेलियाहून."