नवी फणी

बारमाही पावसाच्या जंगलातल्या वस्तीची रीतच अशी: नवरा वारला की त्याचं घर जंगलाला सोडायचं, हात लावायचा नाही, शेवटचा खांब आपसूक आडवा होईपर्यंत बायकोनं केस विंचरायचे नाहीत. स्वयंपाकीणबाईच्या नवऱ्याचं घर वेलींनी केव्हाच गिळलं होतं. एक खांब तेवढा हट्टाला पेटलेला. कालच्या वादळात तोही पार कलला, तेव्हा नणंदेनं नवी फणीच आणून दिली. “आज पडतोय बघ, वहिनी!” एवढ्यात वस्तीवर राहून जंगल अनुभवायला आलेले पाहुणे चिखलानं माखून आले आणि दोघींना ओढतच त्या घराशी घेऊन गेले. वेली साफ, खांब दगड ठोकून ताठ. “आता जन्मात हलायचा नाही, मावशी!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “सांगू त्यांना?” नणंद पुटपुटली. “नको. हौसेनं केलंय बिचाऱ्यांनी.” तिनं फणी परत दिली. “हातपाय धुवा,” ती पाहुण्यांना म्हणाली, “वाढते.”